वहिवाट आणि नेतृत्व : सीमाभागातील संस्थांमधील वरिष्ठांच्या निवडीविषयी प्रस्तावना

एखाद्या कारखान्याला, सहकारी बँकेला किंवा शिक्षणसंस्थेला सर्वोच्च कार्यकारी पदावर बाहेरची व्यक्ती नेमायची असते, तेव्हा अर्जदाराची पदवी, अनुभवाची वर्षे आणि अपेक्षित वेतन या गोष्टी कागदावर मांडता येत असल्याने निवडीची चर्चा बहुतेक वेळा त्यांच्याभोवतीच फिरत राहते. परंतु नेमणूक फसल्यावर, म्हणजे नवा अधिकारी वर्ष-दीड वर्षात राजीनामा देऊन गेल्यावर किंवा त्याला जायला भाग पाडल्यावर, जी कारणे पुढे येतात त्यांत पदवी किंवा अनुभव उणा पडल्याचे कारण अभावानेच आढळते. त्याचे आणि आमचे जमले नाही, एवढ्या एका वाक्यात संचालक मंडळे त्या अपयशाची बोळवण करतात. हे न जमणे नेमके कशाचे असते, ते आधी ओळखता येते का, आणि ते ओळखण्याच्या नावाखाली भलत्याच गोष्टी तपासल्या जातात का, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. आणि बेळगाव–निपाणी या सीमाभागात तो अन्य कोणत्याही प्रदेशापेक्षा अधिक नाजूक असल्यामुळे त्याची मांडणी याच भूमीवर उभे राहून करणे आवश्यक आहे.

व्यवस्थापनशास्त्रात या विषयाला सांस्कृतिक अनुरूपता असे म्हणतात. संस्थेत वर्षानुवर्षे काम करता करता रुळलेली, बहुधा कुठेही लिहून न ठेवलेली आणि नवागताला कुणी मुद्दाम समजावून न सांगितलेली जी वहिवाट असते, तिच्याशी अधिकाऱ्याच्या कामाच्या रीतीचा मेळ बसणे, असा तिचा अर्थ घ्यावयाचा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडगर शाईन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर मानले : डोळ्यांना दिसणारा वरचा थर, संस्था स्वतःची म्हणून जाहीरपणे सांगते त्या मूल्यांचा मधला थर, आणि सर्वांत खालचा थर गृहीतकांचा, जी इतकी अंगवळणी पडलेली असतात की त्यांच्याविषयी संस्थेत कुणी बोलतच नाही. उद्यमबागेतील ओतकामाच्या एखाद्या कारखान्यात पहिल्या थरावर मालकाची केबिन आणि सकाळची बैठक असते, दुसऱ्या थरावर भिंतीवर लावलेले गुणवत्ता धोरण असते, आणि तिसऱ्या थरावर असे गृहीतक असू शकते की भट्टीवरचा जुना फोरमन तोंडी जे सांगतो ते छापील अहवालापेक्षा अधिक खरे. पुण्याहून किंवा बेंगळुरूहून आलेला सरव्यवस्थापक वरचे दोन थर आठवडाभरात समजून घेतो. तिसऱ्याशी त्याची गाठ पडते ती रिजेक्शनचे प्रमाण वाढल्यावर, जेव्हा तो अहवाल मागतो, फोरमन गप्प राहतो आणि मालक फोरमनची बाजू घेतो. अशा प्रसंगी तिघांपैकी कुणीही चुकीचे वागत नसतो, आणि तरीही नेमणूक फसायला तेथेच सुरुवात झालेली असते.

बेळगाव परिसरातील संस्थांचे वैविध्य ध्यानात घेतल्यास हा प्रश्न किती रूपांनी समोर येतो ते कळते. उद्यमबाग, मच्छे आणि काकती–होनगा भागांतील ओतकामाचे व यंत्रभागांचे कारखाने बहुतांशी कौटुंबिक मालकीचे आहेत; हत्तरगी येथे एकस या कंपनीचे सुमारे २५० एकरांवरील विशेष आर्थिक क्षेत्र विमानांचे सुटे भाग परदेशी कंपन्यांना पुरवते; चिकोडी, संकेश्वर, उगार या पट्ट्यात सहकारी आणि खासगी साखर कारखाने आहेत; १९१६ साली स्थापन झालेल्या केएलई सोसायटीपासून मराठी भाषकांनी उभारलेल्या शिक्षणसंस्थांपर्यंत अनेक विश्वस्त संस्था आहेत; नागरी सहकारी बँका व पतसंस्था आहेत; आणि निपाणीत तंबाखूच्या वखारींची जुनी पेढीपद्धती आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेने हा प्रदेश तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयासमोर आहे, आणि दर वर्षी तीच तारीख शहराचा एक भाग राज्योत्सव म्हणून तर दुसरा काळा दिवस म्हणून पाळतो. सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये, कामगारांचे बोलणे मराठी आणि कन्नड दोन्हींत, ग्राहकाशी करार इंग्रजीत, अशी येथील अनेक संस्थांची रोजची स्थिती आहे. अशा ठिकाणी संस्कृती हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात आधी भाषा, मग समाज आणि मग घराणे येते, कामाची वहिवाट मात्र येत नाही. सीमाभागात अनुरूपतेच्या चर्चेला असलेला मुख्य धोका हाच आहे.

हा धोका काल्पनिक नाही, आणि त्याची झळ या भूमीतल्या सर्वांत थोर उद्योजकाला बसलेली आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. त्यांच्या कौशल्याविषयी शंका नव्हती. त्या व्यवस्थेच्या वरच्या पायरीवर शोभणारा माणूस कोण, याविषयीचे वसाहती गृहीतक आड आले. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बंधू रामूअण्णांसह १८८८ पासून बेळगावात चालवलेल्या सायकलीच्या दुकानाकडे पूर्ण लक्ष वळवले; तेथूनच पुढे चारा कापण्याची यंत्रे आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. नगरपालिकेला उपनगरासाठी जागा हवी झाल्याने कारखाना हलवण्याची वेळ आली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे. कारखाना मात्र गेला तो गेलाच.

किर्लोस्करवाडीतल्या माणसांची निवड या पुस्तकाच्या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगी आहे. वसाहतीचा कारभार रामूअण्णांकडे होता, यंत्रविद्येची बाजू शंभोराव जांभेकरांनी सांभाळली, हिशेब मंगेशराव रेगे पाहत, व्यवस्थापनात के. के. कुलकर्णी होते आणि कल्पकतेसाठी अनंतराव फळणीकर. यांपैकी शेवटच्या दोघांचे शिक्षण अर्धवट राहिलेले होते. रखवालीचे काम दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या माणसांवर सोपवले गेले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. आजच्या कोणत्याही छाननी समितीने हे अर्ज पहिल्या फेरीतच बाजूला ठेवले असते. लक्ष्मणरावांनी पाहिले ते वेगळे : ओसाड माळावर राहून काम करण्याची तयारी, फसलेला प्रयोग पुन्हा करण्याची चिकाटी आणि मालकाला तोंडावर नाही म्हणण्याची मोकळीक. ही खरी सांस्कृतिक अनुरूपता होय. तिच्यात जन्म, पदवी आणि पूर्वायुष्य यांना दुय्यम स्थान आहे. अर्थात अशी पारख संस्थापकाच्या एका नजरेवर अवलंबून असते आणि संस्थापक गेल्यावर ती संस्थेत उरतेच असे नाही, म्हणून तिचे निकष शब्दांत उतरवण्याची गरज पुढच्या पिढीला भासते.

मराठी सार्वजनिक जीवनात या निकषांना लिखित रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न पुण्यात झाला. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आजीव सदस्यांची पद्धत स्वीकारली. ठरावीक अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा करण्यास बांधून घेतलेले हे शिक्षकच संस्थेचे चालकही असत. या बंधनाचा अर्थ काय, आजीव सदस्याने बाहेरची कामे आणि त्यातून येणारी मिळकत स्वीकारावी की नाही, यावरून वाद वाढत जाऊन संस्थापकांपैकी एक असलेले लोकमान्य टिळक १८९० साली संस्थेतून बाहेर पडले. टिळक आणि या वादात दुसऱ्या बाजूला असलेले आगरकर–गोखले यांची विद्वत्ता, भाषा, शहर, जात हे सारे एकच होते. तरीही मेळ तुटला, कारण संस्थेसाठी माणसाने किती आणि काय सोडावे याविषयीचे गृहीतक वेगळे होते. समान पार्श्वभूमी म्हणजे समान वहिवाट नव्हे, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधावा लागू नये. पुढे गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षांचा उमेदवारीचा काळ ठेवला. १९१५ मध्ये गोखल्यांच्या निधनानंतर मोहनदास गांधींनी त्या समाजात येण्याची इच्छा दर्शवली असता अनेक सदस्यांना आपली आणि गांधींची कार्यपद्धती यांत मोठे अंतर जाणवले, आणि ते ध्यानात येताच गांधींनी आपला अर्ज मागे घेतला. नऊ वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावात गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद गांधींनी भूषवले, आणि ते त्यांच्या अध्यक्षतेखालचे एकमेव अधिवेशन ठरले. एका संस्थेत न बसणारा माणूस दुसऱ्या संस्थेचा कणा ठरू शकतो. समाजाच्या सदस्यांनी गांधींची योग्यता नाकारली नाही. त्यांनी पद्धतीतला फरक उघडपणे बोलून दाखवला, आणि या मोकळेपणामुळे दोन्ही बाजूंचा मान राहिला. नेमणूक नाकारण्याची ही रीत आजही अनुकरणीय आहे.

आधुनिक संशोधनाने या प्रश्नाची दुसरी बाजूही दाखवली आहे. बेंजामिन श्नायडर यांनी १९८७ मध्ये असे मांडले की संस्थेकडे तिच्यासारखीच माणसे आकृष्ट होतात, त्यांतून आणखी तिच्यासारखी निवडली जातात आणि वेगळी असलेली गळून पडतात, त्यामुळे कालांतराने संस्था एकसुरी होऊन बदलत्या परिस्थितीत ताठर बनते. लॉरेन रिव्हेरा यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतील नामांकित व्यावसायिक कंपन्यांच्या भरतीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मुलाखत घेणारे ज्याला मेळ म्हणत होते तो अनेकदा छंद, खेळ आणि राहणीमान यांतील सारखेपणा असल्याचे दिसून आले. सीमाभागात या सारखेपणाची जागा नातेसंबंध, समाज आणि भाषा घेतात. निपाणीच्या वखारींत दिवाणजी नेमताना ओळखीचा आणि जामीन राहणाऱ्याचा आधार घेण्याची जुनी रीत होती. उधारीवर चालणाऱ्या व्यापारात तिला अर्थही होता, कारण विश्वास हेच त्या व्यापाराचे भांडवल. परंतु एकाच वर्तुळातून आलेली माणसे वर्तुळाबाहेरचा आवाज ऐकण्यात कमी पडतात. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीत महामार्गावर ठाण मांडले आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या आंदोलनाचे कारण भावाचे होते आणि त्याची मुळे नेमणुकांच्या पद्धतीहून फार खोल होती, तथापि शेतकरी आणि वखारीतल्या कामगार स्त्रिया यांची बाजू पेढीच्या आत मांडू शकेल असा माणूस त्या रचनेत बसतच नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

नागरी सहकारी बँकांच्या बाबतीत बाहेरून आलेल्या नियमाने या वर्तुळाला काही प्रमाणात छेद दिला आहे. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२१ च्या निर्देशांनुसार व्यवस्थापकीय संचालकाच्या नेमणुकीस तिची पूर्वसंमती लागते, वय ३५ ते ७० यांदरम्यान असावे लागते, एका वेळी पाच वर्षांहून अधिक मुदत देता येत नाही, १५ वर्षांहून अधिक काळ पदावर राहता येत नाही, आणि खासदार, आमदार व नगरसेवक यांना ते पद भूषवता येत नाही. योग्य आणि पात्र या दोन शब्दांत सामावलेला हा निकष सचोटी व अनुभव तपासतो. सभासदांच्या दारात जाऊन थकबाकी वसूल करणाऱ्या, पण त्यांच्या घरच्या लग्नालाही जाणाऱ्या बँकेत तो माणूस रुळेल का, हे तपासण्याचे काम मात्र संचालकांकडेच राहते. रिझर्व्ह बँकेचा निकष पूर्ण करणारे दोन उमेदवार समोर आले की खरी निवड तेथून सुरू होते.

भाषेचा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कर्नाटक मंत्रिमंडळाने जुलै २०२४ मध्ये संमत केलेल्या आणि उद्योगजगताच्या विरोधानंतर काही दिवसांतच स्थगित ठेवलेल्या विधेयकात व्यवस्थापकीय पदांपैकी ५० टक्के आणि इतर पदांपैकी ७० टक्के जागा स्थानिकांसाठी राखण्याची तरतूद होती, आणि स्थानिक ठरण्यासाठी राज्यात जन्म, १५ वर्षांचे वास्तव्य व कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणे अपेक्षित होते. स्थानिकांना संधी मिळावी ही मागणी न्याय्य आहे. पण व्यवस्थापनाच्या पदावरील योग्यता जन्मस्थानाने ठरवू पाहणारा कायदा किर्लोस्करांना डावलणाऱ्या जुन्याच चुकीच्या वाटेने जातो, मग तो कोणत्याही भाषेच्या कैवारासाठी केलेला असो. उलट बाजूने, मराठी संस्थेने कन्नड भाषक उमेदवाराला केवळ भाषेमुळे नाकारणे हीही तीच चूक होय. भाषा हे कामाचे साधन म्हणून तपासावे : बेंगळुरूहून आलेली नोटीस अधिकारी स्वतः वाचू शकतो का, कामगाराची तक्रार दुभाष्याविना ऐकू शकतो का, आणि आज येत नसल्यास ती शिकण्याची त्याची तयारी आहे का.

ही तयारी हाच कळीचा मुद्दा आहे, आणि त्याचे सर्वांत भरीव उदाहरण बेळगावच्याच छावणीत आहे. १७६८ पर्यंत इतिहास मागे जाणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर दीर्घकाळ या शहरात आहे. तिचे जवान मुख्यत्वे मराठी भाषक असतात. अधिकारी मात्र देशाच्या कोणत्याही प्रांतातून, कोणत्याही भाषेचे आणि धर्माचे येतात. भारतीय सैन्याच्या रिवाजाप्रमाणे तो अधिकारी आपल्या जवानांची भाषा शिकतो, त्यांच्या सणांत सहभागी होतो, त्यांच्या प्रार्थनेला त्यांच्यासह उभा राहतो आणि छत्रपती शिवाजी महाराजांचा जयघोष हीच त्याचीही रणगर्जना होते. निवडीच्या वेळी त्याला मराठी येत होते का, हे कुणी विचारलेले नसते. पुढे ते शिकण्याची सक्ती, सवड आणि शिकवणारी माणसे संस्थेने पुरवलेली असतात. मेळ हा उमेदवाराने सोबत आणावयाचा गुण आहे असे नागरी संस्था समजतात आणि तो न आणल्याबद्दल त्याला दोष देतात. सैन्याने तो घडवण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. कोणत्याही कारखान्याने किंवा बँकेने यातून जे घ्यावे ते हे की नव्या अधिकाऱ्याचे पहिले सहा महिने योजून द्यावे लागतात.

अनुरूपतेचे दोन प्रकार अभ्यासक सांगतात : संस्थेत जे आहे त्यात भर घालणारी, आणि संस्थेत जे नाही ते आणून देणारी. पहिली ओळखायला सोपी, दुसरी अधिक गरजेची. सीमाभागातील साखर कारखान्याच्या कार्यकारी संचालकाचे काम पाहिल्यास हे स्पष्ट होते. यंत्रे, उतारा आणि कर्जफेड यांचे ज्ञान त्याच्याकडे असावेच लागते. पण जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत मागितला गेलेला दर निपाणी–चिकोडीच्या शेतकऱ्याच्या कानावर त्याच दिवशी येतो, सीमेपलीकडचा कारखाना चार रुपये जास्त देत असेल तर ऊस तिकडे जातो, आणि तोडणीच्या टोळ्या मराठवाड्यातून येतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा पहिलाच गळीत हंगाम विस्कटतो. त्याच वेळी वजनकाट्यावरचा आणि तोडणी कार्यक्रमातला वशिला मोडण्याचे धैर्य संस्थेतल्या कुणापाशी नसल्यास ते बाहेरच्यानेच आणावे लागते, आणि तेव्हा संचालकांना हवा असतो तो अधिकारी वहिवाटीशी पूर्ण जुळणारा नसतोच. सर्व वहिवाट जपण्याजोगी नसते. तिच्यातले काय टिकवायचे आणि काय मोडायचे हे संचालकांनी आपसांत ठरवले नसेल, तर नवा माणूस कितीही समर्थ असला तरी तो दोन गटांच्या मधोमध सापडतो.

याउलट काही संस्थांची वहिवाट जपण्यासाठीच उमेदवाराची पारख करावी लागते. सुरेश हुंद्रे यांनी बेळगावात उभारलेली पॉलीहायड्रॉन ही हायड्रॉलिक पंप बनवणारी कंपनी लाच न देता, कर न चुकवता आणि कामगारांवर विश्वास टाकून व्यवसाय करण्यासाठी ओळखली गेली. अशा संस्थेत येणारा विक्रीप्रमुख ऑर्डरसाठी पाकीट सरकवण्यात तरबेज असेल, तर त्याचे कौशल्यच संस्थेला घातक ठरते. येथे मेळाची अट कठोर असणेच योग्य आहे, कारण ती आचरणाविषयी आहे आणि कोणत्याही समाजातल्या, कोणत्याही भाषेच्या माणसाला ती पाळता येते.

मोठ्या नावाचा मोह हा आणखी एक सापळा. बोरिस ग्रॉयसबर्ग यांनी अमेरिकी शेअर बाजारातील नामवंत विश्लेषकांचा अभ्यास करून दाखवले की कंपनी बदलल्यावर अनेकांची कामगिरी घसरली, कारण तिचा बराच भाग जुन्या सहकाऱ्यांवर आणि व्यवस्थेवर उभा होता. इन्फोसिसने २०१४ मध्ये संस्थापकांबाहेरचे पहिले मुख्य कार्यकारी म्हणून विशाल सिक्का यांना आणले; संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यातील कारभारविषयक मतभेद उघड होत जाऊन ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. एवढ्या साधनसंपन्न कंपनीला जे जड गेले ते उद्यमबागेतल्या दुसऱ्या पिढीच्या मालकाला सोपे जाईल असे मानण्याचे कारण नाही.

निवडीची पद्धत म्हणून या पुस्तकात ज्या गोष्टींचा आग्रह धरला आहे त्या खर्चिक नाहीत. गेल्या काही वर्षांत संस्थेत झालेले खरे वाद, नावे वगळून, उमेदवारासमोर ठेवावेत आणि त्याने काय केले असते ते विचारावे. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत, म्हणजे गप्पांच्या ओघात गाव आणि नातेवाईक निघत नाहीत. त्याच्या पूर्वीच्या वरिष्ठांइतकेच महत्त्व त्याच्या हाताखाली काम केलेल्यांच्या मताला द्यावे. आणि त्याला एक दिवस कारखान्यात किंवा शाखेत मोकळा सोडून फोरमन, शेतकी अधिकारी, वसुली कर्मचारी यांच्याशी बोलू द्यावे. नकार देताना कारण लिहून ठेवावे. जे कारण लिहिताना संकोच वाटतो ते कारण बहुधा गैरलागू असते. उमेदवाराच्या कुटुंबाचा विचारही याच टप्प्यावर व्हावा. मुलांच्या शाळेचे माध्यम, जोडीदाराची नोकरी, बेळगावात राहायचे की कोल्हापुराहून रोज सीमा ओलांडून निपाणीला यायचे, हे प्रश्न खासगी मानून टाळले जातात आणि दुसऱ्या वर्षी तेच राजीनाम्याचे कारण होतात.

सीमाभागातील कारखान्यांच्या, बँकांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या संचालकांना, मग ते मराठी भाषक असोत वा कन्नड भाषक, एवढीच विनंती आहे की पुढच्या वरिष्ठ पदाची जाहिरात देण्यापूर्वी त्यांनी एक दिवस एकत्र बसावे, आपल्या संस्थेत निर्णय कसे होतात, मतभेद कसे मिटतात आणि कोणती गोष्ट कोणत्याही किमतीत केली जात नाही हे दोन पानांत मराठी व कन्नड दोन्ही भाषांत लिहून काढावे, आणि ती दोन पाने प्रत्येक उमेदवाराच्या हाती मुलाखतीच्या आधी द्यावीत.